७१५ चा फलक हलवू नका

संपादक महोदय, मी अटलांटात राहतो आणि भारतातून कोणी पाहुणे आले की त्यांना हटकून जुन्या फुल्टन काउंटी स्टेडियमच्या जागेवर घेऊन जातो. स्टेडियम १९९७ सालीच पाडलं, जागेचं पार्किंग झालं, पण ८ एप्रिल १९७४ ला बेसबॉलपटू हँक आरनने मारलेला कारकिर्दीतला ७१५ वा होमरन जिथून पलीकडे गेला तिथला कुंपणाचा तुकडा आणि ७१५ चा फलक तेवढा ठेवला. आधीच्या पिढीतला बेसबॉलपटू बेब रूथचा ७१४ होमरनचा रेकॉर्ड मोडणारा हा कृष्णवर्णीय खेळाडू, त्याला त्या काळात ढिगाने द्वेषाची पत्रं यायची, जिवे मारायच्या धमक्या सुद्धा, आणि तरी हा माणूस रोज मैदानात उतरत होता, हे सांगताना माझा आवाज अजूनही भरून येतो. क्रिकेटवाल्या पाहुण्यांना होमरन म्हणजे सिक्सर एवढं सांगितलं की पुढचं सगळं कळतं.

आरन २०२१ मध्ये गेले. आता त्या भागात नवीन बांधकामं होतायत, होऊ देत, पण हा फलक आहे तिथेच राहू दे, उचलून म्युझियममध्ये नेऊ नका. बॉल कुंपणापलीकडे गेला ती जागा म्युझियममध्ये नेता येत नाही हो.

– एक वाचक, अटलांटा