भुंगेरे हवेत, तेही वेळेवर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

द्राक्षवेलींची गोडी छाटणी (घड धरण्यासाठीची छाटणी) जवळ आली की निफाड, दिंडोरी, चांदवडकडे फवारणीची वेळापत्रकं हातोहात फिरू लागतात. वेलीचा रस शोषणाऱ्या पिठ्या ढेकणासाठी (मिलीबग) त्यात एकावर एक औषधं असतात. तोच ढेकूण खाणारा क्रिप्टोलेमस भुंगेरा मात्र त्यात क्वचितच दिसतो. मूळचा ऑस्ट्रेलियाचा हा कीटक १८९८ साली भारतात आणला गेला, म्हणजे तो काही नवा पाहुणा नाही.

ढेकूण सैल सालीखाली, ओलांड्याच्या (वेलीच्या आडव्या फांदीच्या) बेचक्यात आणि पुढे घडात दडतो. अंगावर मेण असल्याने औषध नीट लागत नाही. भुंगेरा आणि त्याची अळी तिथे शिरून अंडी-पिल्लं फस्त करतात. पण ही अळीही पांढरी, मेणाच्या झुपक्यांची! ती दिसली की ‘मिलीबग वाढला’ म्हणून ब्लोअर (फवारणी यंत्र) सुरू होतो आणि आपलाच राखणदार मरतो. जरा थांबून पाहावं: अळी मोठी असते, तिचे झुपके लांब असतात आणि ती भराभर चालते. मुंग्यांचाही आधी बंदोबस्त हवा. ढेकणातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि भुंगेऱ्यांना हुसकावतात.

भुरी-डाऊनी या रोगांसाठी फवारावं लागतंच, फुलकिडे-तुडतुड्यांवरही हा भुंगेरा उपाय नाही. पण मण्यांत साखर भरू लागली की काढणीपूर्व कालावधीमुळे (शेवटची फवारणी आणि तोडणी यांत ठेवायच्या अंतरामुळे) कीटकनाशकांवर बंधनं येतात, आणि ढेकूण नेमका तेव्हाच घडात शिरतो. २०१० मध्ये युरोपने फळात उरलेल्या क्लोरमेक्वाटच्या अंशावरून आपली द्राक्षं अडवली. ते कीटकनाशक नव्हतं, वाढनियंत्रक होतं. तरी उर्वरित अंशाची किंमत काय असते हे तेव्हा साऱ्या जिल्ह्याला कळलं.

हे भुंगेरे लाल भोपळ्यावर ढेकूण वाढवून, त्यावर पोसले जातात. एवढं काम गावातला बचतगटही शिकून करू शकेल. अडतं ते मागणीच्या वेळी माल न मिळण्यावर. कृषी विभागाने द्राक्षपट्ट्यात तालुक्याला एक पैदास केंद्र उभारावं आणि छाटणीपूर्वीच बागायतदारांची नोंदणी घ्यावी. सल्लागारांनीही वेळापत्रकात प्रत्येक औषधापुढे ते भुंगेऱ्याला मारतं की नाही, हे ठळक छापावं.

– एक द्राक्ष बागायतदार, निफाड (जि. नाशिक)