‘अतिशय सौम्य प्रवाह’ असं छापलेल्या फिल्टरबद्दल तक्रार

विश्रामबाग, सांगली
दि. १८ ऑगस्ट २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: ४ जुलै रोजी मिळालेला माशांच्या टाकीचा फिल्टर परत घेऊन ८४९ रुपये परत करण्याबाबत, तसेच खोक्यावरचा आणि माहितीपत्रकातला चुकीचा मजकूर बदलण्याबाबत.

महोदय / महोदया,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या संकेतस्थळावरून मागवलेला छोटा फिल्टर बंद पडलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. कारण तुमच्या कस्टमर केअरला दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा पहिला प्रश्न हाच आला, “मॅडम, मोटर चालू होते ना?” होते. झकास चालते. तक्रार त्या चालण्याचीच आहे.

माझं विश्रामबागेत पिको-फॉल आणि ब्लाउज शिलाईचं दुकान आहे. काउंटरच्या एका टोकाला काचेची टाकी आहे, तिच्यात १८ लिटर पाणी आणि एक निळा फायटर मासा. एप्रिलमध्ये मुलीची परीक्षा संपली तेव्हा आणला. तिनं त्याचं नाव सरदार ठेवलं. बायका साडी द्यायला येतात आणि पाच मिनिटं त्याच्याशी बोलत उभ्या राहतात, म्हणजे तो दुकानाचाच माणूस झालाय म्हणा ना.

काही जण म्हणाले, फायटरला फिल्टर कशाला? अर्धं खरं आहे ते. त्याला कल्ल्यांखेरीज लॅबिरिंथ नावाचा अवयव असतो, त्यामुळे तो वर येऊन थेट हवा घेतो आणि कमी ऑक्सिजनच्या पाण्यातही तगतो. पण श्वासाची सोय झाली म्हणून घाणीची होत नाही. विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून पाण्यात अमोनिया तयार होतो, आणि त्यापुढे लॅबिरिंथचा काही उपयोग नाही. म्हणून फिल्टर घ्यायचं ठरवलं, आणि मुद्दाम तुमचा घेतला. का, तर खोक्यावर लिहिलंय: ‘फायटर माशासाठी खास. अतिशय सौम्य प्रवाह. १० ते ४० लिटर टाकीसाठी.’ शेजारी सरदारसारखाच निळा, पंख्यासारखी शेपटी पसरलेला मासा. चित्रातला मासा मात्र निवांत आहे.

५ जुलैला फिल्टर बसवला. बटण दाबल्याबरोबर सरदार समोरच्या काचेवर जाऊन आदळला. मग कोपऱ्यात गेला, तिथून पाण्याच्या लोटानं त्याला पुन्हा मधे आणला, मधून पुन्हा काचेकडे. संध्याकाळपर्यंत तो फिल्टरच्याच मागे, भिंत आणि मोटर यांच्या फटीत जाऊन बसला होता, कारण टाकीत तेवढीच एक जागा शांत होती. मुलगी शाळेतून आली आणि म्हणाली, “आई, सरदार दमलाय.”

दमणारच. हा मासा मूळचा थायलंडकडचा, भातखाचरं, डबकी, गवतातलं संथ पाणी इथला. आपल्या शिराळ्याकडच्या भातखाचरात पावसाळ्यात पाणी कसं उभं असतं, तसं. त्यात या दुकानी फायटरांचे पर माणसांनी निवडून निवडून इतके लांब केलेत की शरीरापेक्षा कपडाच जास्त. अशा माशाला जोरदार प्रवाहात सोडणं म्हणजे नऊवारी नेसवून एखादीला पुरात पोहायला लावणं. कृष्णेचा पूर आम्ही सांगलीकरांनी पाहिलाय, म्हणून सुचलं.

तुम्ही म्हणाल, हे सगळं नजरेचं झालं. म्हणून मोजलं. बादलीत फिल्टर बुडवला, त्याचं तोंड पाण्याबाहेर काढून एक लिटरच्या मापात धरलं आणि मुलीनं मोबाईलवर वेळ लावली. नऊ सेकंद. पुन्हा केलं, नऊ. तिसऱ्यांदा दहा. नऊ धरले तर तासाला ४०० लिटर होतात. म्हणजे माझ्या टाकीतलं सगळं पाणी हा फिल्टर तासाला २२ वेळा फिरवतो. मासे पाळणारे साधारण चार-पाच वेळा पुरे म्हणतात, फायटरसाठी तर त्याहून कमी चालतं. १८ लिटरला तासाला ७०-९० लिटर झाले. तुमच्या खोक्यावर वॅट छापलेत, वायरची लांबी छापलीय, रंग काळा आहे हेही छापलंय. तासाला किती लिटर, हा एकच आकडा नाही, आणि जोर कमी करायची खिटीही नाही. मग ‘सौम्य’ हे तुम्ही कशावरून ठरवलंत?

९ जुलैला, म्हणजे पाचव्या दिवशी, पहिला फोन केला. तुमच्याकडच्या ताई फार गोड बोलल्या. “आठ-दहा दिवस वापरून बघा मॅडम, माशाला सवय होते.” त्यांच्या शब्दावर थांबले. १४ तारखेला पुन्हा फोन केला तर दुसरे कुणी बोलत होते, म्हणाले परत करायची मुदत सात दिवसांची होती, ती ११ तारखेला संपली. तुमच्याच माणसानं मला आठ-दहा दिवस थांबवलं आणि मुदत सातव्या दिवशी संपली. गिऱ्हाईक ब्लाउज घट्ट होतो म्हणून परत घेऊन आलं, तर ‘आठ दिवस घालून बघा, सैल होईल’ असं मी सांगत नाही.

त्याच फोनवर त्यांनी असंही सांगितलं की माझी टाकी फार लहान आहे. १८ हा आकडा १० आणि ४० च्या मधे येतो, एवढंच मी म्हणाले.

तोपर्यंत माझे मी उपाय सुरू केले होते. पाणी आत ओढणाऱ्या फटींवर त्याचा पर चिकटलेला एकदा पाहिला, म्हणून तिथे नेटच्या कापडाचा तुकडा दुहेरी करून दोऱ्यानं बांधला. पाण्याची बाटली कापून तोंडासमोर आडवी लावली. फिल्टर फिरवून धार काचेकडे केली. जोर थोडा मोडला, पण पुरेसा नाही. हे कळलं ते एका साध्या गोष्टीवरून. रिळाचा पांढरा दोरा वीतभर तोडून त्याला मणी बांधला आणि टाकीच्या मधोमध सोडला. मण्यासकट दोरा आडवा झाला आणि वाऱ्यात दोरीवरचा परकर फडफडतो तसा फडफडत राहिला. हे सगळे उपाय करून झाल्यावर.

दोन आठवड्यांत शेपटीची कड गेली. पिको न केलेल्या शिफॉनची सुटते तशी, धागा धागा. मधे दोन ठिकाणी उभ्या चिरा. पर अंगाशी मिटून तो तळाशी पडून राहायचा, हवा घ्यायला वर यायचा आणि लगेच खाली.

आता तुमच्या माहितीपत्रकाकडे येते. ती चूक मला फिल्टरपेक्षा मोठी वाटते, कारण ती नव्या माणसाला कळणारच नाही. त्यात लिहिलंय, ‘दर १५ दिवसांनी स्पंज वाहत्या नळाखाली स्वच्छ धुवा, अथवा नवीन घाला.’ मी १९ जुलैला मुकाट्यानं नळाखाली धुतला. तीन दिवसांत पाणी दुधाळ झालं. माशांच्या दुकानातून अमोनिया तपासायचं किट आणलं होतं, त्यात पिवळं राहायला हवं ते पाणी हिरवं झालं. दुकानदार काकांना दाखवलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. मग त्यांनी काउंटरवर उभ्या उभ्या समजावलं. स्पंज ही नुसती गाळणी नव्हे. त्याच्या भोकाभोकांत जिवाणू वस्तीला येतात, ते अमोनियाचं आधी नायट्राइट करतात आणि मग त्याचं बरंच कमी घातक नायट्रेट. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन तिला मारतं. म्हणून स्पंज पिळायचा तो पाणी बदलताना टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, आणि पाण्याचा रस्ता तुंबेपर्यंत टाकायचा नाही. तुमच्या पत्रकाप्रमाणे वागलं तर ही वस्ती कधी बसायचीच नाही. नवे स्पंज मात्र तुमच्याकडे १२० रुपयांना दोन मिळतात, ते मी पाहून ठेवलंय.

२६ जुलैला त्या काकांकडून साधा स्पंज फिल्टर आणि एअर पंप आणला, दोन्ही मिळून ४३० रुपये. त्यात पंखा नाही, मोटर पाण्यात नाही. पंप हवा सोडतो, बुडबुडे नळीतून वर चढताना पाणी सोबत नेतात, आणि तेवढंच पाणी स्पंजातून संथ आत येतं. नळीवर छोटी तोटी आहे, हवी तेवढी हवा ठेवायची. लाइट गेली की पाणी नळीतून उलटं पंपात उतरू नये म्हणून एकतर्फी व्हॉल्व्ह लावलाय. काकांनी त्यांच्या टाकीतला जुना स्पंज पिळून त्याचं काळपट पाणी बाटलीतून दिलं, जिवाणूंचं विरजण म्हणून. तोच दोरा पुन्हा सोडून पाहिला. सरळ खाली लोंबला, मणी जरासा हलला.

सरदार आता बरा आहे. शेपटीच्या फाटक्या कडेला नवा पर येतोय, अजून रंग नाही, ऑर्गन्झासारखा आरपार दिसतो. गेल्या आठवड्यात पाण्यावर बुडबुड्यांचं घरटंही बांधलं. तुमच्याकडच्या गृहस्थांनी विचारलं होतं, “मासा जिवंत आहे ना मॅडम, मग नुकसान काय झालं?” ८४९ रुपये फिल्टरचे, ३५० रुपये किटचे, आणि मासा माझ्या मेहनतीनं जिवंत आहे, तुमच्या फिल्टरनं नव्हे.

२१ जुलैला तुम्हाला सगळं लिहून ईमेल केला. पोच लगेच आली, ते मान्य. त्यानंतर काहीच नाही. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. तो महिना येत्या गुरुवारी, २१ तारखेला भरतो.

माझं मागणं एवढंच. फिल्टरचे ८४९ रुपये परत करा. किटचे मी मागत नाही, ते मला उपयोगी पडतंय. खोक्यावर आणि संकेतस्थळावर तासाला किती लिटर ते छापा, आणि जोर कमी करायची सोय देईपर्यंत ‘फायटरसाठी’ आणि ‘सौम्य’ हे दोन्ही शब्द काढा. चाळीस लिटरच्या टाकीत, दांडग्या माशांना, हाच फिल्टर चांगला चालेल, तसं लिहायला काय हरकत आहे? आणि माहितीपत्रकातलं ते नळाखाली धुवायचं वाक्य आजच्या आज बदला. मराठीत पत्रक दिलंत याचं मला सुरुवातीला कौतुक वाटलं होतं.

२१ तारखेपर्यंत उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि मग इथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे मी राहते तिथेच तक्रार दाखल करता येते, आणि एवढ्या रकमेला फीही लागत नाही. खोक्यावरचा मजकूर दिशाभूल करणारी जाहिरात ठरतो की नाही, ते मग ते बघतील.

सोबत बिलाची प्रत, खोक्याच्या चारी बाजूंचे फोटो, माहितीपत्रक, दोन्ही फिल्टरांसमोरच्या दोऱ्याचे दोन व्हिडिओ आणि शेपटीचे तारखेसह फोटो पाठवत आहे.

फिल्टर धुऊन, पुसून मूळ खोक्यात घालून ठेवलाय. कुरिअरवाला कधीही पाठवा. दुकान सकाळी साडेदहा ते रात्री आठ उघडं असतं, गौरीच्या साड्या संपेपर्यंत रविवारीही. तो आल्यावर मी मशीनवर असले तर हाक मारायला सांगा, खोकं टाकीच्या शेजारीच ठेवलंय.

आपली,
एक ग्राहक
(नाव, पत्ता व फोन ऑर्डरप्रमाणे)