लुना भंगारात घालायच्या आधी हे वाच

प्रिय पक्या,

परवा फोनवर तू जाता जाता बोललास की मागची पत्र्याची शेड पाडतोय आणि काकांची लुना भंगारवाल्याला देऊन टाकतोय, किलोच्या भावाने. मला मीटिंगला उशीर होत होता म्हणून मी नुसतं हं हं केलं. पण रात्री झोप लागेना. लुनाचं शेवटी बोलतो, आधी मी इकडे काय धंदे करतोय ते ऐक, मग मला काय शिव्या घालायच्या त्या घाल.

माझ्या गॅरेजमध्ये सध्या अकरा चेनसॉ आहेत. हो, चेनसॉ, लाकूड तोडायची ती मोटरवाली करवत. अकरातल्या चार चालू, तीन आज ना उद्या होतील अशा आणि चार नुसत्या पार्टसाठी ठेवल्यात. गाडी बाहेर पावसात उभी असते. अनघाने एकदाच विचारलं, "आपल्या घरी झाड किती?" मी म्हटलं, एक. जपानी मेपल, माझ्या खांद्याएवढं. त्यानंतर तिने विषय काढला नाही पण पाहुणे आले की मुद्दाम गॅरेजचं दार उघडून दाखवते.

सुरुवात कशी झाली सांगतो. इकडे ओरेगनमध्ये म्हातारं माणूस गेलं किंवा वृद्धाश्रमात गेलं की पोरं घरातलं सगळं सामान घरातच मांडून विकायला काढतात, कपबशीपासून कपाटापर्यंत, प्रत्येकाला चिठ्ठी लावलेली. मी गेलो होतो पुस्तकांचं कपाट बघायला. मागच्या शेडमध्ये बाकड्याखाली एक लाल डबडं पडलेलं दिसलं, हँडलला काळी टेप गुंडाळलेली, टेप अंगठ्याच्या जागी झिजून पार गुळगुळीत. होमलाइट एक्सएल-१२. चिठ्ठीवर १५ डॉलर. विकणारी बाई म्हणाली वडील आयुष्यभर जंगलात कामाला होते, ही वीस-एक वर्षं सुरू झालेली नाही. मी दोरी हळूच ओढून बघितली आणि पक्या, आत कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनने दाबलेल्या हवेचा जोर, लागलं हाताला. तुला ते माहितीय, पेडल मारताना मध्येच पाय अडतो ना, तसं. तिथंच संपलं. कपाट राहिलं तिथंच.

एक्सएल-१२ म्हणजे काय तर १९६३ सालचं मॉडेल, पट्टी (जिच्यावर साखळी फिरते ती) आणि साखळी सोडून वजन १२ पौंड, साडेपाच किलोच्या आतबाहेर. आज त्यात काही वाटत नाही, पण १९४९ मध्ये मॅकलॉक कंपनीने ३-२५ काढली ती २५ पौंडांची, आणि तेव्हा तीसुद्धा हलकी म्हणून विकली गेली. त्याच्या आधीच्या बऱ्याचशा तर दोघांनी दोन टोकांना धरायच्या. तेव्हा चौदा वर्षांत वजन निम्म्यावर. इंजिन ५४ सीसी, टू स्ट्रोक, म्हणजे जवळजवळ काकांच्या लुनाएवढंच! फक्त लुनावर काका आणि आपण दोघं बसायचो, आणि हे इंजिन माणूस हातात धरून दिवसभर उभा.

घरी आणून साइडचं कव्हर काढलं तर आत ऑइल आणि भुसा मिळून डांबरासारखा थर झालेला, स्क्रू ड्रायव्हरने खरवडून वाटीभर निघाला. आणि त्या थराला वास होता रे. तिथल्या डग्लस फर झाडाचा, थोडा संत्र्याच्या सालीसारखा. थराखालचा लाल रंग नवाकोरा. मी अर्धा तास नुसता जुना टूथब्रश आणि रॉकेल घेऊन घासत बसलो होतो, दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये लोक माझ्यापासून खुर्ची सरकवून बसत होते.

पहिली गोष्ट सायलेन्सर काढायचा आणि त्या भोकातून बॅटरी मारून पिस्टन बघायचा. पिस्टनवर उभे ओरखडे असले तर समज मागे कोणीतरी ऑइल न घालता चालवलीय, मग ती पार्टवाल्या ढिगात. माझा पिस्टन स्वच्छ निघाला. मग प्लग काढून करंट बघितला. शून्य. आता इथं आपला सांगलीचा बंद पडलेला लुनाचा मॅग्नेट आठव. अगदी तेच प्रकरण! मॅग्नेट, म्हणजे ठिणगीसाठी करंट बनवणारी चकती, खोलायचा, खाली ठिणगीची वेळ साधणारे पॉइंट आणि कंडेन्सर. काका पॉलिश पेपरचा तुकडा पॉइंटमध्ये सरकवून दोनदा ओढायचे आणि मग कोरा कागद ओढायचे, मीही तेच केलं. पॉइंटमधली गॅप १५ थाउ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश. प्लग बॉडीला टेकवला, दोरी ओढली, टिक करून निळी ठिणगी. मी एकटाच गॅरेजमध्ये ओरडलो.

त्यानंतर मात्र चार महिने घालवले, आणि दोष कुणाचा ते सांगतोच.

कार्बोरेटर वेगळा असतो यांचा. लुनाच्या कार्बोरेटरमध्ये फ्लोट असतो, पेट्रोल भरलं की तरंगून सुई बंद करतो. पण चेनसॉ माणूस आडवी धरतो, तिरकी धरतो, कधीकधी उलटीसुद्धा, मग फ्लोट काय कामाचा. म्हणून यात रबराचे दोन पातळ पडदे असतात. एक पडदा क्रँककेसमधला दाब वरखाली होतो त्याच्यावर धडधडत पेट्रोल टाकीतून ओढतो, दुसरा पडदा लागेल तेवढंच आत सोडतो. कुठल्याही कोनात चालतं. डोकं लावलंय राव. पण पडदे वर्षानुवर्षं पेट्रोलमध्ये राहून कडक होतात, माझे तर पापडासारखे झालेले, बोटाने दाबले तर कडकड वाजले. आणि इकडच्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल, ते जुन्या रबराला खातं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. तुमच्याकडे तर आता २० टक्के झालंय, तेव्हा लुनाचा पाइप बदलल्याशिवाय पेट्रोल घालू नकोस, आत्ताच सांगून ठेवतो.

मी किट आणलं, नवे पडदे, नवी गॅसकेट, सगळं बसवलं. दोन-तीन सेकंद चालते आणि बंद. परत चालते, परत बंद. टाकीचा पाइप बदलला. तेच. मग वाटलं क्रँकची ऑइल सील गेली असणार, हवा खेचत असणार, म्हणून अख्खं इंजिन खोललं, सील मागवली, दोन आठवडे वाट बघितली, बसवली, तेच. तेवढ्यात मी पार्टसाठी म्हणून अजून दोन होमलाइट घेऊन आलो, असंच वाढत जातं हे. शेवटी एका रविवारी दुसऱ्या मशिनचा कार्बोरेटर कोणी कधी न खोललेला असा होता, तो शेजारी ठेवून एकेक थर काढत गेलो. आणि दिसलं. पंपाच्या बाजूला आधी पडदा मग गॅसकेट. दुसऱ्या बाजूला बरोबर उलटं, आधी गॅसकेट मग पडदा. मी दोन्हीकडे सारखंच बसवलं होतं. कागदाएवढ्या जाडीचा फरक, त्याने पेट्रोल सोडणाऱ्या सुईचा मेळ बिघडला. चार महिने, पक्या! काका असते तर टपली मारली असती, खोलताना क्रमाने फडक्यावर मांडून ठेव म्हणून शंभरदा सांगायचे. आता मी मोबाइलवर फोटो काढतो प्रत्येक थराचा, आणि फडकंसुद्धा पसरतो.

मग सुरू झाली. कशी सांगू. आधी फट फट, मग एकदम फाडफाड करून असा आवाज फुटला की शेजाऱ्याचा कुत्रा कुंपणाच्या त्या टोकाला. निळा धूर. जुन्या मशिनला १६ लिटरला एक लिटर ऑइल लागायचं, आताचं ऑइल चांगलं असतं म्हणून मी ३२ ला एक घालतो, तरी पहिल्या मिनिटाला धूर होतोच. आणि तो वास, टू-टी (2T) ऑइलचा, पंपावर ऑइल मारून घेतल्यावरचा, तो थेट मिरज रोडवर घेऊन गेला मला. इकडे येऊन अठरा वर्षं झाली, आईच्या फोडणीचा वास मी इकडे काढू शकतो, हा वास पहिल्यांदा मिळाला.

साखळीची एक गंमत सांगतो, ती इकडचीच आहे. पूर्वी या मशिनच्या साखळीला हातकरवतीसारखे दाते असायचे, ओरबाडत जायचे, आणि सारखी धार लावायला लागायची. जोसेफ कॉक्स नावाचा इथला लाकूडतोड्या, १९४६ साली लाकडं फोडत असताना त्याला ओंडक्यात एका भुंग्याची अळी दिसली, बोटाएवढी, आणि ती लाकडातून आरामात आडवीउभी रस्ता काढत चाललेली. त्याने वाकून बघितलं तर तिचे जबडे इंग्रजी सी सारखे वळलेले, एक डावीकडे एक उजवीकडे. त्याने तसेच दाते केले, एक डावा एक उजवा, आणि १९४७ मध्ये पोर्टलंडमध्ये घराच्या तळघरात साखळ्या बनवायला लागला. आज जगात कुठलीही चेनसॉ घे, तुमच्याकडच्या वखारीत असेल ती पण, दाते त्या अळीचेच. मी धार लावतो साडेपाच मिमीच्या गोल कानशीने, प्रत्येक दात्याला मोजून तीन हात, आधी सगळे डावे मग मशिन फिरवून सगळे उजवे. एका बाजूला जास्त घासलं तर करवत लाकडात वाकडी पळते. हे काम मला फार आवडतं, डोक्यात काही येत नाही त्या वेळी.

आणि त्या मॅकलॉकचा किस्सा तर तुला आवडेल. रॉबर्ट मॅकलॉक, पैसेवाला आणि विक्षिप्त. ॲरिझोनाच्या वाळवंटात गाव वसवलं, तिथं चेनसॉचा कारखाना टाकला, पण वाळवंटात राहायला येणार कोण? तर या गड्याने १९६८ मध्ये लंडनचा जुना लंडन ब्रिज विकत घेतला, २४ लाख ६० हजार डॉलरला, दगडांवर नंबर टाकून बोटीने आणला आणि तिथं उभा केला, १९७१ मध्ये उघडला. पूल आधी बांधला कोरड्यावर आणि खालून पाणी नंतर काढलं! माझ्याकडे त्याच्या दोन पिवळ्या मशिन आहेत, त्यातली एक सुरू करताना मी हमखास पुलाचं सांगतो, मुलं आता पळून जातात.

खरं काम फक्त एकदा केलंय. जानेवारी २०२४ मध्ये पोर्टलंडला बर्फाचं वादळ झालं, दोन दिवस लाइट नव्हती, आणि शेजाऱ्याच्या अंगणात भलंमोठं फर आडवं झालं. तो त्याची नवी बॅटरीवाली करवत घेऊन आला, ती थंडीने लवकर उतरली आणि चार्ज करायला लाइट नाही. मी गॅरेजमधून लाल डबडं काढलं. आयुष्यात इतका भाव कधी मिळाला नव्हता. पट्टीला ऑइल जायला हँडलपाशी बटण असतं, ते दर थोड्या वेळाने अंगठ्याने दाबत राहायचं, आणि तेव्हा कळलं की टेप नेमकी तिथंच का झिजली होती. माझा अंगठा बरोबर त्या खड्ड्यात बसला.

पण अर्ध्या तासात हात बधिर. या जुन्या मशिनला हादरे शोषायला रबर नाही की साखळी थांबवायला ब्रेक नाही. पट्टीचं वरचं टोक कशाला टेकलं तर मशिन उसळून सरळ तोंडाकडे येते. पूर्वीच्या कामगारांची बोटं हादऱ्याने पांढरी पडायची, कायमची, थंडीत जीवच नसायचा त्यात. म्हणून मला कुणी म्हणालं की जुनं ते सोनं, तर मी हो म्हणत नाही. मी हेल्मेट, कानाला मफ, मांडीवर ते जाड कापडाचं चिलखत, एवढं घालून पण दहा मिनिटांच्या वर चालवत नाही, आणि झाडावर चढून तर कधीच नाही, अनघाला शब्द दिलाय. ज्याला काम करायचं असेल त्याने नवीच घ्यावी. माझं काम दुरुस्त करून झालं की संपतं. बंद मशिनला नेमकं कुठं दुखतंय ते सापडतं, एवढ्यासाठीच चाललंय सगळं. दिवसभर ऑफिसमध्ये मी जे करतो त्यात काय बिघडलंय ते सहा जणांच्या मीटिंगमध्येसुद्धा सापडत नाही.

आता लुना.

तू म्हणशील पार्ट मिळत नाहीत, गंजलीय, घरात कोणाला वेळ नाही. मान्य. मी तिला चालू कर म्हणतच नाही. फक्त एक कर, या रविवारी. स्टँडवर लाव. प्लग काढ, पाना काकांच्या डब्यात असेलच. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोड आत आणि संध्याकाळपर्यंत थांब. मग भोकावर अंगठा घट्ट दाबून धर आणि ओंकारला पेडल मारायला सांग. पेडल फिरलंच नाही, किंवा फिरलं पण अंगठ्याला काहीच लागलं नाही, तर दे खुशाल भंगारात, मी परत नाव काढणार नाही. पण अंगठा उडाला ना पक्या, तर दोन हजार भंगारवाल्याऐवजी माझ्याकडून घे आणि मी डिसेंबरात येईपर्यंत ताडपत्री टाकून ठेव. मॅग्नेट मी आल्यावर खोलू, तू एकटा हात लावू नकोस.

काकूंना नमस्कार सांग. फोन कर, अंगठ्याचं काय झालं ते.

तुझा,
बाळ्या

ता.क. प्लग काढायच्या आधी त्याच्याभोवतीची माती फुंकून साफ कर. नाहीतर सगळी आत जाईल आणि मग मला सांगशील कॉम्प्रेशन नाही म्हणून.