पावसात शॉक लागून माणसं जातात ती नशिबाने जात नाहीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाऊस सुरू झाला की पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते, शॉक लागून मृत्यू. कधी कपडे वाळत घालताना, कधी विहिरीवरचा पंप चालू करताना, कधी लोखंडी दांड्याने नारळ पाडताना. वाड्यावर दोन दिवस चर्चा होते, कोणीतरी म्हणतं त्याची वेळच आलेली, आणि विषय संपतो. मी गोव्यात डिचोली-सत्तरी भागात बरीच वर्षं वायरिंगची कामं करतोय आणि हे 'वेळ आलेली' ऐकलं की मला खरंच त्रास होतो, कारण मी ज्या घरांत कामाला जातो तिथे बोर्ड उघडला की पाच मिनिटांत दिसतं धोका कुठे आहे ते, आणि बहुतेक वेळा तो घालवायला दोन-अडीच हजार रुपये आणि अर्धा दिवस पुरतो.

सगळ्यात मोठा गैरसमज एमसीबीचा, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप खाली पडून लाईट बंद करणाऱ्या बोर्डातल्या खटक्याचा. लोक म्हणतात आमच्याकडे एमसीबी आहेत, काही झालं तर पडतील. अहो एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नसतो. १६ अँपियरचा एमसीबी १६ अँपियरच्या वर गेल्याशिवाय हलतसुद्धा नाही आणि माणूस मरायला एक अँपियरही लागत नाही. घरात २३० व्होल्ट, अंग ओलं असलं, पाय ओल्या जमिनीवर असले की अंगातून पाव अँपियरच्या आसपास करंट जाऊ शकतो. त्याच्या कितीतरी आधी, १०-१५ मिलिअँपियरलाच (हजार मिलिअँपियर म्हणजे एक अँपियर) हाताचे स्नायू आवळतात, म्हणून पकडलेली वायर सुटत नाही. लोक म्हणतात करंटने ओढून धरला, खरं तर आपलीच मूठ आवळली जाते आणि आपल्याला ती उघडता येत नाही. त्याच्या पुढे श्वास अडकतो, मग हृदयाचा ठोका बिघडतो. एमसीबी तोपर्यंत जागेवरच.

माणसासाठी जे असतं ते आरसीसीबी, जुने लोक ईएलसीबी म्हणतात. फेजमधून, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरमधून, जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या वायरमधून, परत येतोय का एवढंच ते बघत असतं, कमी आला म्हणजे मध्येच कुठेतरी जमिनीत जातोय, कदाचित कोणाच्या तरी अंगातून. घरासाठी ३० मिलिअँपियरचं घ्यायचं, तेवढी गळती झाली की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत लाईट बंद होते. दुकानात १०० आणि ३०० मिलिअँपियरचीही मिळतात, ती माणसासाठी नाहीत, आगीचा धोका कमी करायला आहेत, म्हणून वर छापलेला आकडा वाचून घ्या. आणि त्यावर टी लिहिलेलं एक बटण असतं, महिन्यातून एकदा ते दाबायचं, लाईट गेली पाहिजे, नाही गेली तर ते आरसीसीबी मेलेलं आहे. मी कितीतरी घरांत विचारलं हे बटण कधी दाबलंत का, तर लोकांना बटण आहे हेच माहीत नसतं.

आता जे सांगतो त्यासाठीच मुख्यतः हे पत्र लिहायला घेतलं. पावसात आरसीसीबी सारखं पडायला लागतं, रात्री दोनला पडतं, पाहुणे असताना पडतं, मग घरवाले वैतागतात आणि कोणीतरी ओळखीचा येऊन ते काढून डायरेक्ट जोडून देतो. झालं, लाईट जात नाही म्हणून सगळे खूश. पण ते पडत होतं कारण घरात कुठेतरी करंट गळत होता! आपली जुनी घरं चिऱ्याची, वर नळे म्हणजे कौलं, एखादा नळा सरकला की पाणी भिंतीतून बोर्डात उतरतं, ते गळणं डोळ्यांना दिसत नाही आणि सांगणारं एकच यंत्र असतं तेच आपण काढून टाकतो. गळती शोधणं काही मोठं काम नाही. सगळे एमसीबी खाली करायचे, आरसीसीबी वर करायचं, मग एकेक एमसीबी वर करत जायचं, ज्याला पडेल त्या लाइनवर दोष आहे. मग त्या लाइनवरच्या वस्तूंचे प्लग काढून बघायचं. बहुतेक वेळा गिझरचं कॉइल, पंपाची मोटर, गेटवरचा दिवा नाहीतर बाहेरच्या भिंतीवरचा बोर्ड निघतो. कधी न्यूट्रलमध्ये दोष असतो तेव्हा असं सापडत नाही, तेव्हा वायरमनला बोलवा, पण त्याला स्पष्ट सांगा की काढायचं नाही, शोधून द्यायचं. आणि माझ्या धंद्यातल्या भावांनाही हात जोडून सांगतो, गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी डायरेक्ट करून देऊ नका.

आरसीसीबी बसवलं म्हणजे सगळं झालं असंही नाही हं. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला तर त्याला काहीच कळत नाही, त्याच्या लेखी तो माणूस म्हणजे एक बल्ब. अर्थिंग, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणारी वायर, लागतंच. तीन पिनच्या प्लगची वरची जाड पिन, तीच अर्थिंगची, कापून दोन पिनच्या बोर्डात घालणारे अजून आहेत, फ्रिज वॉशिंग मशीन असं चालवतात, मग मशीनला हात लावला की मुंग्या येतात म्हणून चप्पल घालून लावतात. मुंग्या येतात तिथेच थांबा, ते मशीन वापरू नका, चप्पल हा उपाय नाही. इन्व्हर्टर असेल तर मेन बंद केला तरी इन्व्हर्टरवरच्या पॉइंटना लाईट असतेच, आणि बऱ्याच घरांत त्या लाइनला आरसीसीबीचं संरक्षण नसतं, तेही विचारून घ्या.

कपड्यांची तार तर जवळपास प्रत्येक घरात. पावसात कपडे पडवीत, तार लोखंडी, एक टोक पत्र्याच्या शेडच्या पाइपला आणि त्याच पाइपवरून घरात येणारी सर्व्हिस वायर किंवा बाहेरच्या बल्बची वायर गेलेली. वाऱ्याने वायर घासते, वरचं प्लास्टिक जातं आणि पाइप, पत्रा, तार सगळ्यात करंट. त्यात ओले कपडे हातात घेऊन घरातली बाईच जाते तिथे. नायलॉनची दोरी किती रुपयांना मिळते? आजच बदला.

लाइनमनबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. वादळात लाईट गेली की आपण वीज खात्याला शिव्या घालतो, पण घरात जनरेटर लावून त्याची वायर सरळ प्लगमध्ये घालणारे लोक आहेत, मध्ये चेंजओव्हर स्विच, म्हणजे घर एका वेळी एकतर लाइनला नाहीतर जनरेटरलाच जोडणारा खटका, नाही. तो करंट उलटा लाइनवर जातो, ट्रान्सफॉर्मरमधून उलटा गेला की तिकडे ११ हजार व्होल्ट होतात आणि लाईट बंद आहे समजून खांबावर चढलेला मुलगा त्यात सापडतो. चेंजओव्हर स्विचशिवाय जनरेटर लावायचाच नाही, यात दुसरं मत असू शकत नाही.

झाड पडून वायर तुटली असेल तर दहा मीटर लांब राहा, ओल्या जमिनीत करंट पसरलेला असतो, चुकून जवळ असलात तर मोठी पावलं टाकत पळू नका, दोन्ही पाय जवळ ठेवून घासत घासत मागे या. लांब आल्यावर वीज खात्याच्या १९१२ नंबरला फोन. लाईट गेलीय म्हणजे वायर मेलीय असं कधीच समजू नका.

कुळागरवाल्यांचं, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागायतदारांचं, दुःख मला कळतं, रानडुक्कर एका रात्रीत सगळं उकरून टाकतं, गवे येतात, माकडं तर विचारूच नका. पण घरातली लाईट सरळ कुंपणाच्या तारेला देणं हा गुन्हा आहे आणि त्यात डुकरापेक्षा शेजाऱ्याचा मुलगा अडकायची भीती जास्त. सोलरचं कुंपण सेकंदाला एक बारीकसा झटका देतं, जनावर पळतं आणि मरत नाही. त्याला कृषी खात्याकडून अनुदान मिळतं, विभागीय कार्यालयात जाऊन विचारा.

आता चतुर्थी तोंडावर आलीय. वर्षभर बंद असलेली मूळ घरं उघडणार, मुंबई-पुण्याची माणसं येणार, आल्या आल्या पंप चालू, गिझर चालू, माटोळीला (गणपतीच्या वर बांधतात त्या चौकटीला) ओली पानंफळं आणि त्यातूनच दिव्यांच्या माळा, खिडकीतून ओढलेली वायर, जोडाला नुसती टेप. बंद घरात उंदरांनी वायर कुरतडलेली असते ते कोणी बघत नाही. निदान दोन दिवस आधी एकाने जाऊन मेन चालू करून बघा, आरसीसीबीचं बटण दाबून बघा, माळा माटोळीपासून लांब लावा आणि झोपताना बंद करा. सार्वजनिक मंडपात लोखंडी पाइप असतात, तिथे आरसीसीबी आणि अर्थिंग नसेल तर लाइटिंग करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि कोणाला शॉक लागलाच तर आधी मेन बंद, मगच हात. मेन सापडत नसेल तर कोरड्या लाकडाने बाजूला करा, पण हे फक्त घरातल्या लाईटसाठी, खांबावरच्या मोठ्या लाइनला लाकूडसुद्धा चालत नाही. माणूस श्वास घेत नसेल तर १०८ ला फोन लावून स्पीकरवर ठेवा आणि छातीच्या मधोमध दाबायला सुरुवात करा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर आत जाईल एवढं जोरात, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत थांबायचं नाही.

माझी पंचायतींना एक मागणी आहे. नवीन कनेक्शन घेताना परवानाधारकाचा टेस्ट रिपोर्ट लागतो, त्यानंतर तीस वर्षं त्या वायरिंगकडे कोणी बघत नाही. डिचोली, होंडा, फर्मागुढीच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचं शिकणारी पोरं आहेत, त्यांचे शिक्षक बरोबर घेऊन चतुर्थीआधी एकेका वाड्यावर पाठवा. निदान म्हातारी माणसं एकटी राहतात त्या घरांपासून सुरुवात करा, बटण दाबून बघायचं, अर्थिंग बघायचं, कपड्यांची तार बघायची आणि जे सापडेल ते कागदावर लिहून घरवाल्यांना आणि पंचाला द्यायचं. येत्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. इतर गावांतल्या वायरमननीही आपापल्या ग्रामसभेत मांडावा, आणि ज्या पंचायतीला माणूस हवा असेल तिथे मी पैसे न घेता यायला तयार आहे.

आपला,
एक वायरमन, डिचोली