बोटातलं कागदावर येईना

मा. संपादक,
आमच्या सोलापुरात विजापूर वेशीजवळच्या भजनी मंडळात मी पेटी वाजवतो, आणि रात्री घरी फोनला कीबोर्ड जोडून सुचेल ते वाजवत बसतो, अ‍ॅप सगळं रेकॉर्ड करतं ते छानच ओ, पण तेच नोटेशनमध्ये काढायला गेलं की पीडीएफ मिळते, म्हणजे नुसता फोटोच, एक स्वर बदलायचा तरी सगळं परत हातानं लिहा! मिडी फाइल म्यूझस्कोअरमध्ये, म्हणजे नोटेशन लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये, टाकली तर आणखी मजा. मिडीत, १९८३ पासूनची सोय आहे ही, कुठली पट्टी कधी दाबली, किती जोरात नि कधी सोडली एवढंच असतं, मी क्लिक, म्हणजे तालाची टिकटिक, न लावता वाजवलं तर मात्रा कुठून सुरू ते त्याला कसं कळणार, मग माझा साधा केरवा बारीक बारीक तुकड्यांत फुटलेला दिसतो. क्वांटाइझ केलं, म्हणजे सगळे स्वर सरकवून नेमक्या मात्रांवर बसवले, की वाचता येतं, पण वाजवण्यातला डौल गेला. अ‍ॅपवाल्यांनी म्यूझिकएक्सएमएल, म्हणजे नंतर बदलता येईल अशी नोटेशनची फाइल, द्यावी, सम कुठंय ते बोटानं दाखवायची सोय द्यावी, आणि जमलं तर भातखंडे पद्धतीत सा रे ग म पण. तुमच्या पुरवणीत मोबाइलचे कॅमेरे सारखे येतात, एकदा हे पण छापा की.
– एक पेटीवाला, सोलापूर