कोकणात हिमतुषार नव्हे, परतीचा पाऊस पाहा

महोदय,

रविवारच्या पुरवणीत परसबागेच्या सदरात पातीचा कांदा ‘शेवटचे हिमतुषार पडून गेल्यावर लावावा’ असे छापून आले आहे. थंड देशांतसुद्धा कोणी इतके थांबत नाही. कांदा थंडीला दाद देत नाही, म्हणून तिथे शेवटच्या हिमतुषाराच्या दोन-चार आठवडे आधीच बी पेरतात. आणि महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले, तरी घाट उतरून पोलादपूरला आलात की तो विषय संपला!

आपल्याकडे तारीख ठरते ती परतीच्या पावसावरून. हवामान खात्याने २०२० साली सुधारलेल्या वेळापत्रकाप्रमाणे मोसमी पाऊस मुंबईतून ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. तरी चित्रा नक्षत्रात संध्याकाळची एखादी जोराची सर येतेच, आणि रोपांचा घात तीच करते. सुईएवढ्या रोपाचे मातीलगतचे देठ दोऱ्यासारखे बारीक होते आणि सकाळी अर्धा वाफा आडवा झालेला दिसतो. म्हणून घाई नको. बी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, वीतभर उंच गादीवाफ्यावर टाकावे. चौरस मीटरला आठ-दहा ग्रॅम पुरे. बोटभर अंतरावर रेघा ओढून बी एक सेंटीमीटर खोल पेरावे आणि चाळलेल्या शेणखताने झाकावे. पाणी झारीनेच द्यावे, बादली ओतू नये.

बी गेल्या वर्षीचे असेल तर त्याचा भरवसा धरू नका. कांद्याचे बी मुळात अल्पायुषी, त्यात कोकणची दमट हवा. वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावेत. आठ-दहा दिवसांत बारा तरी रुजले नाहीत, तर नवी पुडी आणावी.

सहा-सात आठवड्यांनी, म्हणजे डिसेंबरच्या मध्याला, रोपे वितीच्या अंतराने सरी धरून चार-चार बोटांवर लावावीत. अलिबागचा पांढरा कांदासुद्धा भात कापून खाचर मोकळे झाल्यावरच लागतो, त्यामागे हाच हिशेब आहे. जांभ्याची माती आंबट असते, तेव्हा लावणीआधी पंधरा दिवस चौरस मीटरला दोन-तीन मुठी चुलीची राख मिसळावी. मुठी मोजूनच टाकाव्यात. जास्त राखेने पातीचे शेंडे करपतात.

लावणीपासून पन्नासेक दिवसांत पात काढायला येते. फेब्रुवारीच्या मध्यानंतर ऊन तापले की फुलकिडे वाढतात, पातीवर पांढुरके चट्टे पडतात आणि ती राठ होते. डिसेंबर हुकला तर बी पेरत बसू नये. घरातले कोंब आलेले छोटे कांदे मानेपर्यंत मातीत खोचावेत, महिन्याभरात पात मिळते. त्यांना डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, मात्र लवकर येतात. ते कोवळे असतानाच खुडून डाळीच्या पिठात परतावेत, भाजी उत्तम होते.

— एक वाचक, अलिबाग