कुत्रा किनाऱ्यावर जरूर आणा, पण पट्ट्यासकट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी तोंडावर आली आहे. मुरुड, कर्दे, लाडघर, आंजर्ले या आमच्या दापोलीच्या किनाऱ्यांवर पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रीघ लागेल आणि गेल्या काही वर्षांत वाढत गेलेलं एक चित्र यंदाही दिसेल. गाडीच्या मागच्या सीटवरून मुलांच्या आधी लॅब्रॅडॉर नाहीतर बीगल खाली उडी मारतो आणि थेट पुळणीकडे धूम ठोकतो. घरातल्या माणसासारखं वाढवलेलं जनावर आठवडाभर कुठेतरी कोंडून ठेवण्यापेक्षा लोक त्याला सोबत आणतात, हे मला मनापासून आवडतं. आमच्याही दारात कुत्री आहेत. तेव्हा या पत्राचा रोख कुत्र्यांवर नाही. त्यांना किनाऱ्यावर मोकळं सोडण्यावर आहे, तेही मुख्यतः पहाटे आणि रात्री.

नोव्हेंबरपासून आमच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालायला येऊ लागतात. मादी रात्री पाण्यातून वर येते, भरतीची रेषा ओलांडून कोरड्या वाळूत थांबते, मागच्या वल्ह्यांनी दीडेक फूट खोल खड्डा काढते आणि शंभर-सव्वाशे अंडी घालते. मग वाळू लोटून, अंगाच्या भाराने ती दाबून, आली तशी परत जाते. त्या घरट्याकडे ती पुन्हा फिरकत नाही. पुढची राखण माणसांनी करायची. गावोगावचे कासवमित्र उजाडण्याआधी किनारा पायी धुंडाळतात. ट्रॅक्टरच्या चाकासारखा उमटलेला मादीचा माग शोधतात, घरटं सापडलं की अंडी अलगद काढून जाळीच्या कुंपणातल्या हॅचरीत तेवढ्याच खोल पुरतात. साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात, म्हणजे हा हंगाम पार मे महिन्यापर्यंत रेंगाळतो. शेजारच्या मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावी 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन हे काम सुरू केलं. त्याआधी ही अंडी सर्रास उकरून नेली जात. आज रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत कितीतरी गावं यात आहेत.

यातली नाजूक वेळ म्हणजे मादी परत गेल्यापासून कासवमित्र घरट्यापर्यंत पोचेपर्यंतचे तास. नेमक्या त्याच वेळी, वाळू गार असते म्हणून, पाहुणे कुत्र्यांना फिरायला आणतात. माणसाला माग दिसावा लागतो, कुत्र्याला वास पुरतो. आणि त्याने उकरलं नाही तरी नुकसान व्हायचं ते होतंच. दोन-तीन कुत्री त्या जागेवर मनसोक्त धावली की माग मोडतो आणि मागोमाग आलेल्या कासवमित्राला घरटं सापडतच नाही. ते तसंच उघड्यावर राहतं, रात्री कोल्हा येतो.

गेल्या हंगामात एका सकाळी मी हे डोळ्यांनी पाहिलं. सोनेरी केसांचा एक देखणा कुत्रा पुढच्या दोन्ही पायांनी वाळू उडवत होता आणि त्याचे मालक कौतुकाने व्हिडिओ काढत होते. आम्ही ओरडत पोचलो तेव्हा खड्ड्याच्या काठावर फुटलेली टरफलं पडली होती, पिवळा बलक वाळूत मिसळला होता आणि कुत्र्याच्या मिशांनाही लागला होता. उरलेली अंडी कासवमित्रांनी तातडीने हलवली. ते गृहस्थ भले होते. कासवाची अंडी आहेत हे कळल्यावर त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी एवढंच विचारलं, “पण काका, इथे हे कुठे लिहिलंय का?”

कुठेच लिहिलेलं नव्हतं. पार्किंगचे दर लिहिलेले होते, पोहू नका असं लिहिलेलं होतं. ऑलिव्ह रिडलेला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पहिल्या अनुसूचीत स्थान दिलं आहे, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण. पण पुण्याहून रात्री उशिरा पोचलेल्या माणसाला आपण कशावरून चाललो आहोत हे कुणी सांगायचं?

गावातले काही जण म्हणतील की पाहुण्यांच्या कुत्र्यांपेक्षा आपली गावठी कुत्रीच जास्त घरटी उकरतात. खरं आहे. पण ती किनाऱ्यावर का ठाण मांडून बसतात? टपऱ्यांमागे टाकलेली माशांची मुंडकी, कोंबडीची हाडं आणि पाहुण्यांनी प्रेमाने घातलेली बिस्किटं, यांवर ती तिथेच पोसली जातात. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजचं लसीकरण ही स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे. ती आपण पार पाडली पाहिजे आणि टपऱ्यांची घाणही उचलली पाहिजे. पाहुण्यांनीही रेबीज आणि डिस्टेंपर या दोन्ही लसी दिल्याशिवाय कुत्रा आणू नये. 2018 साली गीरमध्ये डिस्टेंपरच्या साथीने सिंह दगावले, हे फार जुनं नाही. आमच्या जंगलात बिबटे आहेत, कोल्हे आहेत. फणसाड आणि कर्नाळा या अभयारण्यांत तर कुत्रा नेण्याचा विचारच करू नये.

कुत्र्याच्या जिवासाठीही पट्टा हवा. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली की नको असलेले मासे वाळूवर टाकले जातात, त्यात केंड नावाचा मासा असतो. त्याच्या अंगात जीवघेणं विष असतं, आणि मोकळा कुत्रा आधी तोंड घालतो, मग विचार करतो. समुद्राचं पाणी प्यायला तर उलट्या होतात. सड्यावर, म्हणजे कातळी माळावर, फिरायला नेलं तर कातळाच्या फटीत फुरसं हा विषारी साप असतो. दुपारच्या वाळूवर आपण चप्पल काढून दोन मिनिटं उभं राहून पाहावं, म्हणजे त्याच्या पंजांचं काय होतं ते कळेल. किल्ले बघायला येणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. सिंधुदुर्ग, जंजिरा यांसारख्या केंद्राच्या संरक्षित स्मारकांत प्राणी नेता येत नाहीत. मग ऐन उन्हात कुत्र्याला काचा लावलेल्या गाडीत ठेवून माणसं होडीत बसतात. कृपा करून हे करू नका. बंद गाडीत जनावर थोड्या वेळातही मरू शकतं.

आमची मागणी सरसकट बंदीची नाही. बंदी घातली की लोक चोरून, अंधारातच कुत्री सोडतील, आणि अंधाराचीच तर आम्हाला भीती आहे. ग्रामपंचायतीने वन विभागाला सोबत घेऊन किनाऱ्याचा एक भाग ठरवावा. जिथे घरटी सहसा होत नाहीत अशा भागात, दिवसा, ओहोटीच्या ओल्या वाळूवर कुत्र्यांना खुशाल खेळू द्यावं. नोव्हेंबर ते मे सूर्यास्तापासून कासवमित्रांची सकाळची फेरी पूर्ण होईपर्यंत एकही कुत्रा पुळणीवर नको, आणि एरवी पट्टा मालकाच्या हातात हवा. होमस्टेवाल्यांनी खोलीचं बुकिंग घेतानाच फोनवर हे सांगावं. पाहुणा तुटेल ही भीती अनाठायी आहे. कुत्र्यावर जीव लावणारा माणूस कासवाच्या पिल्लाची गोष्ट ऐकून घेतो, हा माझा अनुभव आहे.

वाहनतळावरून वाळूत उतरायच्या वाटेवर ठळक मराठी अक्षरांत एक पाटी लागली तरी यंदा बराच फरक पडेल. पंचायतीकडे निधी नसेल तर पाटीचा खर्च उचलायला आम्ही गावातले काही जण तयार आहोत. परवानगी तेवढी दिवाळीपूर्वी मिळावी.

आपला,
एक वाचक
ता. दापोली, जि. रत्नागिरी